मिस फ्रिटन म्हणजे मोरूची मावशी नव्हे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मुलींच्या शाळेत शिकवता, गॅदरिंगला शिक्षकांचं नाटुकलं बसवायचंय, त्यासाठी कुणीतरी तुम्हाला १९५४ चा 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनिअन्स' हा जुना ब्लॅक अँड व्हाइट ब्रिटिश पिक्चर बघायला सांगितला. तुम्ही बघितला आणि तुम्हाला तीन गोष्टी कळल्या नाहीत. एक, मोठ्या बाईंचं काम पुरुषाने केलंय म्हणजे हे आपल्या मोरूच्या मावशीसारखंच झालं ना. दोन, मुली एवढ्या भयंकर म्हणतात पण त्यांना काही करताना फारसं दिसतच नाही. आणि तीन, अर्धा पिक्चर घोड्यांच्या शर्यतीवर का आहे. तुमच्याकडचे पीटीचे सर मोठ्या बाई व्हायला तयार आहेत, तर त्यांना काय सांगायचं हेही विचारलंय.

मी हौशी रंगभूमीवर तीसेक वर्षं नाटकं बसवतोय, त्यातली पहिली सात-आठ वर्षं स्वतः बायकांची कामं केलीत, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर मी जरा जास्तच बोलणार, सांभाळून घ्या.

आधी मावशीचा विषय. मोरूची मावशी आपल्याकडे अत्र्यांनी आणली ती 'चार्लीज आंट' या इंग्रजी फार्सवरून, तो १८९२ चा. तिथेही तेच, एक पुरुष नाइलाजाने बाईचे कपडे घालतो आणि आता पकडला जातो की मग पकडला जातो यावर सगळं नाटक चालतं. विजय चव्हाणांनी ती मावशी काय केली हे मी सांगायला नको. 'अशी ही बनवाबनवी'मध्येही तेच इंजिन आहे. म्हणजे हसू येतं कशामुळे, तर प्रेक्षकाला माहीत असतं की लुगड्यात पुरुष आहे आणि समोरच्या पात्राला माहीत नसतं. विग सरकला की हशा, आवाज फाटला की हशा, पदर पडला की हशा.

आता सेंट ट्रिनिअन्सच्या मोठ्या बाई, मिस मिलिसेंट फ्रिटन, बघा. ॲलिस्टर सिम नावाच्या नटाने ते काम केलंय. पिक्चरभर कुणीही तिच्याकडे संशयाने बघत नाही, कारण संशय घेण्यासारखं काही नाहीच, गोष्टीत ती बाईच आहे. विग सरकत नाही, आवाज फाटत नाही, एकदाही सिम प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. पाच मिनिटांत तुम्ही विसरता की हा पुरुष आहे आणि मग तुम्ही हसता ते त्या बाईंना, त्यांच्या त्या गोड, थोड्या थकल्या आवाजाला, कुठल्याही संकटात न ढळणाऱ्या सभ्यपणाला. हे माझ्या मते मावशीपेक्षा बालगंधर्वांच्या जास्त जवळचं आहे. (आता नाटकवाले मित्र मला मारायला येणार.) बालगंधर्वांचं सौंदर्यासाठी होतं आणि हे विनोदासाठी आहे, एवढाच फरक, पण दोन्हीकडे नट म्हणतो की मी बाईचं सोंग करत नाही, मी ही बाई आहे.

गंमत म्हणजे वेषांतराचा फार्स या पिक्चरमध्येही आहे, पण तो दुसऱ्याच पात्राकडे दिलाय. जॉइस ग्रेनफेल ही रूबी गेट्स नावाची पोलीस सार्जंट आहे, तिला खेळाच्या बाई म्हणून शाळेत गुपचूप पाठवतात. म्हणजे खरी बाई खोट्या बाईचं सोंग करून अवघडते, आणि खोटी बाई एकदम निवांत. लेखकांनी हे मुद्दाम उलटं केलंय की आपोआप झालं माहीत नाही पण नाटक बसवणाऱ्याने यावर अर्धा तास विचार करावा असं आहे. ग्रेनफेल धावते कशी ते बघा, कोपरं बाहेर, गुडघे आत, आणि तोंडावर 'मी एकदम मजेत आहे' असा भाव.

सिमला हे कसं जमलं? त्याचं एक कारण मला नेहमी वाटतं ते असं की तो मूळचा मास्तर. एडिंबराचा माणूस, जन्म १९०० चा, नट व्हायच्या आधी काही वर्षं विद्यापीठात वक्तृत्व म्हणजे शुद्ध बोलणं शिकवायचा, आणि पुढे १९४८ ते १९५१ मध्ये त्याच एडिंबरा विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे तिथे विद्यार्थ्यांनी निवडलेला मानाचा पदाधिकारी, होता. म्हणजे शिक्षण खात्यातली माणसं कशी बोलतात, नकार गोड कसा देतात, पैशाचा विषय काढताना आवाज किती खाली आणतात हे त्याने उभं आयुष्य ऐकलेलं.

एक प्रसंग जवळून बघा, तुमच्या पीटीच्या सरांना हाच दाखवा. मिस फ्रिटनचा भाऊ क्लॅरेन्स, हा बुकी, हाही सिमच. तो येऊन सांगतो की माझ्या मुलीला, ॲराबेलाला, परत शाळेत घे. आता ॲराबेलाला काढलेलं असतं कारण तिने खेळाचं पॅव्हेलियन जाळलेलं असतं. त्यावर मिस फ्रिटन म्हणतात की शाळेत सारखी सारखी जाळपोळ मला परवडणार नाही. इंग्रजीत त्यात एक चावट कोटी आहे, 'आर्सन अबाउट' हे शब्द भरभर म्हटले की उनाडक्या करण्यासाठीचा एक जरा असभ्य वाक्प्रचार ऐकू येतो, तो सबटायटलमध्ये जातो म्हणून तुम्हाला लागला नसणार. पण मुद्दा कोटीचा नाही. मुद्दा हा की सिम ते वाक्य कोटी असल्यासारखं टाकतच नाही. बजेटची मीटिंग चाललीय आणि खडूच्या खर्चाबद्दल बोलणं चाललंय अशा सुरात म्हणतो. जाळपोळ वाईट हे त्या म्हणतच नाहीत, परवडत नाही म्हणतात. अख्खं पात्र त्या एका शब्दात आहे.

मी स्वतः कॉलेजात पहिल्यांदा बाई झालो तेव्हा सगळं बरोबर उलटं केलं होतं. आवाज बारीक काढला, दर दोन वाक्यांनी पदर सावरला, कंबर हलवली, पहिली पाच मिनिटं पोरं शिट्ट्या मारून हसली आणि मग जी शांतता पसरली ती अंक संपेपर्यंत. आमचे म्हातारे रंगभूषाकार विंगेत बसून तंबाखू मळत होते, मी बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "बाई कुठाय? मला नुसतं लुगडं दिसतंय." मला राग आला तेव्हा. पुढच्या वेळी मी आमच्या शाळेच्या मोठ्या बाई आठवल्या. त्या कधीच ओरडायच्या नाहीत, राग आला की चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि गप्प बसायच्या, आणि पंख्याचा आवाज ऐकू यायला लागायचा. मी फक्त तेवढंच केलं, आवाज माझाच ठेवला, थोडा मऊ केला, बस्स. हशा कमी वेळा आला पण आला तेव्हा छप्पर उडालं.

तर सरांना सांगा की बाईसारखं बोलू नका, मोठ्या बाईंसारखं बोला. पट्टी बदलू नका, वेग बदला. पर्स द्या त्यांना हातात, पुरुषाच्या हातांना बाईच्या कपड्यात काय करायचं कळत नाही, आणि ते हात सगळं बिंग फोडतात.

आता दुसरा प्रश्न, मुली काही करताना का दिसत नाहीत. यासाठी थोडं मागे जावं लागेल, कारण ही शाळा आधी कार्टूनमध्ये जन्मली. रोनाल्ड सर्ल नावाचा चित्रकार, केंब्रिजचा, १९२० चा जन्म. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना स्कॉटलंडमध्ये एका कुटुंबाशी ओळख झाली, तिथल्या मुली एडिंबराच्या सेंट ट्रिनिअन्स नावाच्या खऱ्या शाळेत जायच्या, त्यांची गंमत म्हणून त्याने चित्र काढलं. ती खरी शाळा बरं का, अगदी सज्जन होती, उलट मुलींना स्वयंशिस्त लावणारी म्हणून प्रसिद्ध, बिचारीचं नाव कायमचं बदनाम झालं. स्पेलिंगमध्ये थोडासा फरक आहे एवढंच. पहिलं कार्टून १९४१ मध्ये 'लिलिपुट' मासिकात आलं, त्यात मुली नोटीस बोर्डासमोर उभ्या आणि मजकूर असा की आंतरराष्ट्रीय परिस्थितीमुळे सेंट ट्रिनिअन्सबरोबरची मॅच पुढे ढकलली आहे. बघा, मॅच नाहीये, मारामारी नाहीये. नुसती नोटीस आहे. सेंट ट्रिनिअन्सच्या मुली मॅचमध्ये काय करतात हे तुम्हीच डोक्यात रंगवायचं.

त्यानंतर सर्ल सिंगापूरला गेला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत सापडला. चांगीचा तुरुंग, सयाम-बर्मा रेल्वेचं काम, उपासमार, मलेरिया, सगळं. तिथे तो चोरून चित्रं काढायचा आणि कॉलरा झालेल्या कैद्यांच्या अंथरुणाखाली लपवायचा कारण पहारेकरी तिकडे फिरकायचे नाहीत. ती चित्रं आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. सुटून आल्यावर त्याने परत शाळेच्या पोरी काढल्या आणि त्या आता आधीपेक्षा भयानक झाल्या, छळाची यंत्रं, बाटल्या, कुऱ्हाडी. कुणी म्हणतं त्याच्या कैदेचा परिणाम, मला विचाराल तर चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघा, रेषाच बोलते. शेवटी कंटाळून त्याने १९५३ च्या आसपास कार्टूनमधली शाळा अणुबॉम्बने उडवून टाकली, आणि पुढच्याच वर्षी पिक्चर आला. म्हणजे ज्याला सुटका हवी होती त्याच्या गळ्यात ती पोरं जन्मभर पडली. तो २०११ मध्ये फ्रान्समध्ये वारला तेव्हाही मृत्युलेखांत सगळ्यात आधी हीच शाळा.

एक योगायोग सांगतो आणि पुढे जातो. या पिक्चरचं संगीत माल्कम अर्नोल्डचं. ह्याच अर्नोल्डला तीन वर्षांनी आलेल्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं, आणि तो पिक्चर कुठल्या रेल्वेवर, तर ज्या रेल्वेवर सर्ल खरोखर कैदी म्हणून राबला तिच्यावर.

तर सर्लची युक्ती ही की गुन्हा दाखवायचा नाही, गुन्ह्यानंतरचं दाखवायचं. काल रात्री पूर्वेकडची विंग कुणी जाळली तिने हात वर करा, अशी त्याची एक प्रसिद्ध ओळ आहे. दिग्दर्शक फ्रँक लाँडर आणि त्याचा जोडीदार सिडनी गिलियट यांनी हे बरोबर पकडलं. पिक्चरची सुरुवात आठवा, शाळा उघडण्याचा दिवस, पोरी अजून आलेल्याही नाहीत आणि गावात धावपळ, दुकानदार फळ्या ठोकतायत, पोलीस स्वतःच कोठडीत जाऊन कुलूप लावून घेतो. शिक्षण मंत्रालयाने पाठवलेले दोन इन्स्पेक्टर आधीच गायब झालेत, ते शाळेच्या आवारातच सापडतात, परत न जाता सुखाने राहिलेले. प्रयोगशाळेत केमिस्ट्रीच्या नावाखाली जिन गाळली जाते आणि त्या केमिस्ट्रीच्या बाई आहेत बेरिल रीड. 'जॉली हॉकी स्टिक्स' हा इंग्रजांचा शब्दप्रयोग, म्हणजे अशा शाळांतल्या अति उत्साही पोरींची टिंगल, तो तिनेच रेडिओवर रूढ केलेला, म्हणजे तिकडच्या प्रेक्षकाला ती पडद्यावर दिसली की अर्धा विनोद आधीच कळलेला. एनिड ब्लायटनच्या बोर्डिंग शाळेच्या गोष्टी वाचलेल्या असतील तर तुम्हालाही कळेल की कशाची टर उडवलीय, मध्यरात्री केक खाणाऱ्या त्या गुणी मुली घ्या आणि केकच्या जागी शर्यतीचा पेपर ठेवा.

तुमच्या नाटुकल्यालाही हेच सोपं पडेल बघा. मुली स्टेजवर आणूच नका. शिपाईकाका येऊन सांगतील की बाई, आठवी ब ने पाण्याची टाकी विकली. त्याने जे हसू येईल ते टाकी विकताना दाखवून येणार नाही.

आता घोडा. हा भाग आपल्याला का कळत नाही तर आपल्याला तेव्हाचं इंग्लंड माहीत नसतं. रेशनिंग तिकडे युद्ध संपल्यावर नऊ वर्षं चाललं, पूर्ण उठलं ते जुलै १९५४ मध्ये, आणि हा पिक्चर आला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. म्हणजे थिएटरात बसलेला प्रत्येक माणूस कधी ना कधी काळ्याबाजारातून साखर नाहीतर नायलॉनचे मोजे घेतलेला. ते विकणाऱ्या माणसाला तिकडे स्पिव्ह म्हणायचे, कोट खांद्यापेक्षा रुंद, हॅट डोळ्यावर, बारीक मिशी. फ्लॅश हॅरी हा तो. झुडपातून निघतो, अर्नोल्डची ती लंगडणारी ट्यून वाजते आणि तो भिंतीला घासत चालतो. त्यात शर्यतीवर पैसे लावायचे तर रेसकोर्सवर जाऊन लावणं कायदेशीर, श्रीमंताने बुकीकडे खातं उघडून फोनवर लावणंही कायदेशीर, पण गरिबाने गल्लीत रोख लावणं गुन्हा. तो कायदा बदलला १९६० मध्ये आणि बेटिंगची दुकानं उघडली १९६१ ला. म्हणजे चौथीतल्या (त्यांची चौथी म्हणजे आपल्या आठवी-नववीच्या वयाच्या) पोरी जेव्हा हॅरीकडे पैसे देतात तेव्हा तो आपल्याकडच्या मटक्याच्या चिठ्ठीसारखा प्रकार आहे, एकदम घरगुती गुन्हा, सगळे करतात आणि कुणी बोलत नाही.

त्यात शाळा कर्जात बुडालेली. एका सुलतानाची मुलगी शाळेत येते, त्याचा अरब बॉय नावाचा घोडा शाळेजवळच ठेवलेला आणि तो चेल्टनमच्या गोल्ड कपला धावणार. लहान पोरी घोड्याच्या बाजूने, मोठ्या सहावीतल्या (त्यांची सहावी म्हणजे आपली अकरावी-बारावी) पोरी क्लॅरेन्सच्या बाजूने म्हणजे घोडा चोरून शर्यतीला मुकवायच्या बाजूने, आणि मिस फ्रिटन शाळेची उरलीसुरली पुंजी त्याच घोड्यावर लावतात. नीट बघितलं तर ही संस्था चालवण्याची गोष्ट आहे. ग्रँट नाही, इन्स्पेक्शन डोक्यावर, देणेकरी दारात, आणि मोठ्या बाईंनी हसतमुख राहायचं. ज्याने कुणी खाजगी शाळा जवळून बघितलीय त्याला घोडा कळायला इंग्लंड कळायची गरज नाही खरं तर, मीच उगाच एवढं लिहिलं.

फ्लॅश हॅरी झालेल्या जॉर्ज कोलबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा लंडनच्या टूटिंग भागातला गरीब घरचा पोरगा, युद्धाच्या काळात सिम आणि त्याची बायको नेओमी यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. सिमने त्याला काम शिकवलं आणि त्याचा कॉकनी, म्हणजे लंडनच्या गरीब वस्तीतला, उच्चार घासून घासून काढला. १९५१ च्या 'स्क्रूज'मध्ये सिम म्हातारा स्क्रूज आहे आणि तरुण स्क्रूज आहे कोल. आणि या पिक्चरमध्ये त्याच कोलने गुरूसमोर उभं राहून तो काढून टाकलेला कॉकनी उच्चार पुन्हा अंगावर चढवलाय. दोघांचे एकत्र सीन परत बघा, मिस फ्रिटन हॅरीकडे बघतात ते शिस्तीने बघतात खरं पण त्यात लाड लपत नाहीत.

काही गोष्टी आज खटकतात त्याही बोलतो. सुलतानाचं जे चित्र काढलंय ते त्या काळच्या साहेबाच्या डोक्यातलं ठोकळेबाज चित्र आहे. आणि सहावीतल्या मुली, कागदावर शाळकरी, पण नटवल्या आहेत मॉडेलसारख्या. या पहिल्या पिक्चरमध्ये ते थोडक्यात आटपलंय, पुढच्या भागांत मात्र तेच भांडवल होत गेलं. १९५७, १९६०, १९६६, १९८० असे भाग निघत राहिले, १९५७ च्या भागात सिम अगदी थोडा वेळ दिसतो, मिस फ्रिटन तुरुंगात असतात, आणि तो गेल्यावर उरतं ते नुसतं शाळेचं नाव. २००७ ला नवीन काढला त्यात रुपर्ट एव्हरेटने मोठ्या बाई केल्या, बरा आहे, पण तो अधूनमधून आपल्याला कळवत राहतो की बघा मी पुरुष आहे. तिथेच मावशी होते.

त्यापेक्षा तुम्ही याच लोकांचा १९५० चा 'द हॅपिएस्ट डेज ऑफ युअर लाइफ' बघा, तुमच्या कामाला तो जास्त येईल. मंत्रालयातल्या घोळामुळे मुलींची अख्खी शाळा मुलांच्या शाळेत राहायला पाठवतात, सिम मुलांचा हेडमास्तर आणि मार्गारेट रदरफर्ड मुलींच्या मोठ्या बाई. शेवटी मुलींचे पालक आणि सिमला नव्या नोकरीसाठी पारखायला आलेले दुसऱ्या शाळेचे गव्हर्नर एकाच दिवशी येतात आणि एकमेकांना दिसू द्यायचे नाहीत, म्हणून एका बाजूने पाहुणे फिरवायचे आणि दुसऱ्या बाजूने वर्ग, मैदान, खेळाचे खांब सगळं बदलत राहायचं. मूळ जॉन डायटनचं नाटक आहे त्यामुळे रचना स्टेजची आहे, दारं, जिने, येणंजाणं. तुमच्या हॉलला दोन विंगा असतील तर निम्मं काम झालं.

आणि हो, तुम्ही विचारलंय की घोडा दाखवायचा कसा, दोन माणसं चादरीत घालून? नको. पिक्चरमध्ये घोडा वरच्या मजल्यावर मुलींच्या झोपायच्या खोलीत लपवलेला असतो, तेवढं घ्या. सर खुर्चीत बसून पालकांशी फीबद्दल बोलतायत, आणि विंगेत कुणीतरी दोन करवंट्या घेऊन वरच्या मजल्यावरून चालल्यासारखं टक टक टक करायचं. सरांनी वर बघायचं नाही. फक्त बोलता बोलता चहाची बशी कपावर झाकण म्हणून ठेवायची, प्लास्टर पडेल म्हणून. करवंट्या नारळाच्या घ्या, लाकडी ठोकळ्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही, हे मी दोनदा करून बघितलंय.